त्या चाळीस ओळी

४ फेब्रुवारी

दादा,

'तीर्थरूप' लिहिणार होते, पण तीन वर्षं न बोलणाऱ्या माणसाला तीर्थरूप म्हणायचं जिवावर आलं. मेसेज केला असता तर तू वाचून गप्प बसला असतास आणि वाचलंयस हे मला दिसलं असतं. पत्राचं बरं असतं. तू ते फाडलंस तरी मला कळायचं नाही.

एकच विचारायचंय. आमच्या ऑफिसात पंधरा दिवसांपूर्वी एक नवा सीनियर आलाय. दिवसाला जेमतेम दहा वाक्यं बोलतो, म्हणून सगळे त्याला मौनीबाबा म्हणतात. तुझ्या जुन्या कंपनीत चार वर्षं तो तुझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, हे त्यानेच सांगितलं. "तुझा भाऊ माझा मित्र," म्हणाला आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

तू त्याला माझ्याबद्दल काय सांगितलंयस?

उगाच संशय घेते असं म्हणू नकोस. सोमवारी त्याने माझी एक फाइल मोठ्या पडद्यावर उघडली आणि पाच जणांसमोर विचारलं, "हे तूच लिहिलंयस?" जोर 'हे'वर होता की 'तूच'वर, याचा मी दोन दिवस विचार करतेय. काल त्याच्या मागून जाताना पाहिलं, तर पडद्यावर पुन्हा तीच फाइल, पाच वर्षांपूर्वीची. माझी चाहूल लागताच त्याने ती बंद केली. आज जेवणाच्या सुट्टीत तो आणि आमच्या टीमच्या प्रमुख मॅडम खिडकीपाशी बोलत उभे होते. मी पाण्याची बाटली भरायला गेले तर दोघं एकदम हवेबद्दल बोलायला लागले. मॅडमना पाच वर्षांत मी हवेबद्दल बोलताना ऐकलेलं नाही.

तुझं ते वाक्य त्याच्या कानावर घातलंयस का, एवढंच सांग. तेच, आईच्या निवृत्तीच्या दिवशी, तिच्या शाळेतली सगळी मंडळी बसलेली असताना तू म्हणालास ते: "हिची नोकरी म्हणजे काम माझं आणि नाव हिचं." सगळे हसले. मीही हसले. हसता हसता स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

खरंच होतं ना ते? नोकरीआधी त्यांनी घरी करायला पाच दिवसांचं काम दिलं होतं. कुणाच्या रक्ताची नळी कोणती, हे लक्षात ठेवणारा एक छोटा प्रोग्राम. तू शेजारी खुर्ची ओढून बसलास, आणि त्याचा गाभा, त्या चाळीस ओळी, तू लिहून दिल्यास. त्यावर मला घेतलं. पुढे कंपनीने तोच गाभा ठेवून खरा प्रोग्राम उभा केला. आज साठ-सत्तर लॅबमध्ये तो चालतो, आणि त्याच्यावर नाव माझं आहे.

'जरा भेटतेस का' एवढी मेल आली तरी मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेते. बढतीचं पत्र आलं तेव्हा मी आधी नाव तीनदा वाचलं. चुकून दुसऱ्या कुणाचं आलं असेल असं वाटलं.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

धाकटी

११ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. म्हणजे सांगितलंयस.

असो. एक तांत्रिक शंका आहे, सहज म्हणून विचारते. त्या तुझ्या ओळींना मी पाच वर्षांत हात लावलेला नाही. आजूबाजूचं सगळं दहादा बदललं, पण झाडणारा माणूस झोपलेल्या कुत्र्याभोवतीनं झाडून पुढे जातो ना, तशी मी त्यांच्याभोवतीनं जाते. त्या नेमकं काय करतात हे मला ढोबळ माहीत आहे. ओळीओळीने कुणी विचारलं तर त-त-प-प होईल.

तर समज, लॅबमध्ये एका नळीवरचं लेबल फाटलं. तिथली माणसं ते पुन्हा छापतात. नवं छापलं की जुना क्रमांक बाद व्हायला हवा. आता नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या टेबलावर कुणी वेगळ्याच माणसाचं लेबल छापलं, तर तुझ्या ओळी काय करतात? सुटलेला क्रमांक त्या दुसऱ्याच्या गळ्यात पडू शकतो का? तू लिहिताना याचा विचार केला असशीलच.

समज म्हणतेय. असं काही झालेलं नाही.

इकडे मॅडमनी काल मला थांबवून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "नक्की?" हे 'नक्की' कशाला? मौनीबाबा तर आता माझ्याकडे बघून मान डोलावतो. माणूस गुन्हेगाराला ओळखल्यावर डोलावेल तशी.

आणि तुझी नोकरी गेल्यावर तू दिलेल्या अर्जाचं मी तेव्हा मॅडमशी बोलले होते. त्यांनीच पुढे काही कळवलं नाही, हे तुला त्याच वेळी सांगितलं होतं. मौनीने त्याबद्दल काही वेगळं कळवलं असेल तर त्यावर जाऊ नकोस. उगाच आठवलं म्हणून लिहिलं.

धाकटी

१८ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनंतर तीन वाक्यं, म्हणजे वर्षाला एक.

"मौनीला मी काही सांगितलेलं नाही. त्या ओळी माझ्या नाहीत. माझ्या तू पाचव्या दिवशी काढून टाकल्यास, राग त्याचाच होता."

वा! प्रोग्राम चालत होता तेव्हा काम तुझं. आता त्यात खोट निघते म्हटल्यावर काम माझं. खोट आहे असं मी कुठे लिहिलं होतं? 'समज' लिहिलं होतं. पण तू पहिल्यापासून हुशार. बहीण बुडते आहे हे दिसलं आणि तू काठावर उभा राहून आपले हात कोरडे असल्याचं दाखवलंस.

मग ऐक. आठ तारखेला एका लॅबची तक्रार वाचताना मला शंका आली. मी माझ्या मशीनवर एकाच वेळी दोन टेबलांवरून दोनशे वेळा लेबलं छापून पाहिली. तीन वेळा क्रमांक उलटसुलट झाले. याच्या नळीचा निकाल त्याच्या नावावर. तीन वेळा, दादा.

मी कुणालाही सांगितलेलं नाही.

सांगितलं की पहिला प्रश्न येणार: या ओळी काय करतात ते समजावून सांग. आणि मी पडद्यासमोर उभी राहून काय सांगू? माझ्या भावाला विचारा? आधी मला वाटलं, मौनीबाबानेच मला पकडायला काहीतरी बदलून ठेवलंय. नोंदी पाहिल्या, त्याने एक अक्षर हलवलेलं नाही. मग वाटलं, दोनशेत तीन म्हणजे काहीच नाही, आणि एकाच क्षणी दोन लेबलं खऱ्या लॅबमध्ये कोण छापतं?

रोज सकाळी ठरवते की आज सांगायचं. खुर्चीत बसते आणि दुसरंच काहीतरी दुरुस्त करत राहते. या दहा दिवसांत बटणांचे रंग मी अतिशय सुंदर केलेत.

तुझं कार्ड मी फाडलेलं नाही. पण विश्वासही ठेवलेला नाही.

धाकटी

२० फेब्रुवारी

दादा,

जसं झालं तसं सांगते. यात काही लपवलेलं नाही.

काल अकराच्या सुमारास एका लॅबमधून फोन आला. तिथल्या मुख्य बाईंना आम्ही लॅबवाल्या काकू म्हणतो. आमच्या प्रोग्रामवर सर्वांत जास्त ओरडणारी आणि सर्वांत जास्त प्रेम करणारी बाई. मॅडमनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

काकू म्हणाल्या, "परवा एक गडी आला. तिसऱ्या मजल्यावर जिन्याने आला, तोंड एक क्षण बंद नाही. तुमचा रिपोर्ट म्हणतो, याच्या अंगात रक्तच नाही, ताबडतोब भरती करा. मी म्हटलं, हा जर मरायला टेकला असेल तर मी आधी गेले! दुसरी नळी घेतली, तपासली, एकदम ठणठणीत. मग माझ्या डोक्यात आलं, याला कुणाचा तरी आकडा आलाय, तर याचा आकडा कुणाला गेला?"

मॅडमनी फोन आणखी जवळ ओढला.

"त्या वेळच्या सगळ्या नळ्या काढल्या. एक बाई सापडली. दोन मुलांची आई. रक्त उत्तम आहे म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलेली. फोन केला तर उचलेना. शेवटी शेजारणीने उचलला, म्हणाली ती सकाळपासून उठलेली नाही."

दादा, मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येत नाही. काकू पुढे म्हणाल्या की तिला गाडीने आणलं, रक्त चढवलं, आता बरी आहे. ते 'बरी आहे' यायला चार-पाच सेकंद लागले असतील. त्या चार-पाच सेकंदांत मी काय होते, ते मला माहीत आहे.

मॅडमनी फोन ठेवला. "दुपारी तीनला सगळे आत. तोवर कुठे चुकलंय ते मला हवंय," म्हणाल्या. मौनीबाबाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

मग मी ते केलं जे पाच वर्षांत करायचं धाडस झालं नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक ओळ कुणी, कधी लिहिली याची नोंद राहते, आणि ती नोंद माझ्या त्या पाच दिवसांच्या कामापासून सुरू होते. मी कायम ती पहिल्या वर्षापर्यंत उघडायचे आणि परत फिरायचे. खाली गेलं की तुझ्या ओळी दिसणार आणि शिक्कामोर्तब होणार, अशी भीती. काल अगदी तळापर्यंत गेले.

चौथा दिवस: चाळीस ओळी आल्या. तुझ्याच. तू मोकळ्या जागा सोडतोस तशा सोडलेल्या, नावं आखूड. पाचवा दिवस, दुपारी: त्या सगळ्या काढलेल्या. त्यांच्या जागी नव्या, त्याही योगायोगाने चाळीसच्या आसपास. लांबलचक नावं. आणि त्यात एक इंग्रजी शब्द सहा वेळा, सहाही वेळा त्यातल्या दोन अक्षरांची अदलाबदल केलेला. शाळेपासून मी तो शब्द तसाच लिहिते. तू त्यावरून मला किती छळायचास!

ओळी माझ्याच होत्या. कार्डावर तू खरं लिहिलं होतंस.

आता सगळं आठवतं. तुझं वळण सुरेख होतं, पण नळी फुटली तर काय याची सोय नव्हती. मी म्हटलं, दादा, हे काढते. तू म्हणालास, काढ, तुझं काम आहे, आणि आत निघून गेलास. मग तीन वर्षांपूर्वी तू सगळ्यांसमोर ते बोललास आणि मला पटलं. भांडायला हवं होतं, नोंद उघडायला हवी होती, पण मला आधीपासून स्वतःचा तोच संशय होता. तू फक्त त्याला आवाज दिलास.

आणि चूकही त्याच ओळींत होती. तुझ्या ओळींत ती नव्हती, माझ्या ओळींत होती. जुना क्रमांक आधी मोकळा करायचा आणि मग नवा द्यायचा, असं मी लिहिलं होतं. त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये कुणीही शिरू शकतं. विचित्र सांगू? ते कळल्यावर मला ती प्रत्येक ओळ वाचता आली. पाच वर्षं अगम्य वाटलेलं पान सरळ बोलायला लागलं.

तीन वाजता मी उभी राहिले. "चूक माझी आहे. या ओळी मी लिहिल्यात." पडद्यावर दाखवलं, कुठे आणि का. त-त-प-प झालं नाही. मग म्हटलं, "आणि ही चूक मला आठ तारखेला दिसली होती."

मॅडम म्हणाल्या, "आठ?"

"हो."

"आज एकोणीस."

"हो."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "चूक कुणाचीही होते. हे अकरा दिवस कुणाचे होते?"

"माझेच," मी म्हटलं.

धाकटी

३ मार्च

दादा,

लेखी ताकीद मिळाली. तीन महिने माझं कुठलंही काम दुसऱ्याने तपासल्याशिवाय लॅबपर्यंत जाणार नाही. दुरुस्ती मात्र मलाच करायला सांगितली. मॅडम म्हणाल्या, "तुझ्याइतकं ते कुणाला ठाऊक नाही." हे कौतुक नव्हतं, आवाजात जरासुद्धा गोडवा नव्हता. म्हणून मला ते खरं वाटलं.

त्या बाईंना भेटायची परवानगी मागितली होती. मिळाली नाही. काकूंनी सांगितलं की त्या बाई घरी गेल्या आणि जाताना लॅबमध्ये येऊन भांडल्या. मला बरं वाटलं. भांडण्याइतकी ताकद आली.

काल मी मौनीबाबाला सरळ जिन्यात गाठलं. म्हटलं, "माझ्या भावाने तुम्हाला माझ्याबद्दल काय सांगितलंय?"

तो गोंधळला. "काय सांगायचं होतं?"

"मग माझी फाइल चोरून का बघत होता?"

"चोरून कुठे? मॅडमनी तक्रारींवर बसवलं होतं. संशय फाइलवर होता. तुला विचारलं तर तू पांढरीफटक पडलीस, मग म्हटलं हिला आणखी घाबरवायला नको." एका दमात त्याला इतकं बोलताना कुणी कधी ऐकलं नसेल. पुढे म्हणाला, "तुझ्याबद्दल तो एकदाच बोललाय. आमच्या कंपनीत नोकरकपात झाली त्या आठवड्यात. म्हणाला, बहिणीने तिच्या ऑफिसात शब्द टाकलाय, होईल काहीतरी. महिनाभर दर तासाला फोन बघायचा. काय झालं होतं गं तेव्हा? इथे जागा होत्या, असं मॅडम परवाच म्हणत होत्या."

मी म्हटलं, "नाही जमलं काही." आणि जिना उतरून खाली गेले, मला वर जायचं होतं तरी.

दादा, आता हे लिहायला हात उचलत नाहीये, पण लिहिते.

मी शब्द टाकलाच नव्हता. तुझा अर्ज मॅडमना दाखवलाही नाही. तो माझ्या खणात होता, निळ्या फोल्डरमध्ये. मी रोज खण उघडायचे आणि लावायचे. तू इथे आलास की आठवड्याभरात सगळ्यांना कळेल की खरा हुशार कोण आणि ही कोण, एवढंच डोक्यात होतं. तुला दर वेळी सांगितलं, "बोललेय, बघू म्हणाल्यात." आईलाही तेच सांगितलं. तू महिना महिना वाट पाहिलीस, आणि मग आत्ता राहतोस त्या गावी शिकवणीवर्गात नोकरी धरलीस.

आईच्या समारंभात तू ते वाक्य बोललास तेव्हा तुझी वाट बघून झाली होती. त्या वेळी मी सगळ्यांना सांगत फिरले की भाऊ जळतो माझ्यावर. तीन वर्षं मीच रुसून बसले, कारण रुसलेल्या माणसाला कुणी जाब विचारत नाही.

आपल्याला काही येत नाही असं स्वतःबद्दल वाटणं हा नम्रपणा आहे, असा माझा समज होता. त्या नम्रपणाने तुझी नोकरी घालवली आणि एका बाईला जवळजवळ मारलं.

माफी मागत नाही. मागितली तर तू ती द्यावीस असं वाटायला लागेल. तुला फक्त खरं माहीत असावं. हे वाचून तू गप्प राहिलास, तर या वेळी मी त्यात आडवंतिडवं काही शोधणार नाही. तू रागावलायस, एवढंच समजेन.

धाकटी

२६ मार्च

दादा,

परवा फोनची रिंग वाजली आणि तुझं नाव दिसलं, तेव्हा मी बसमधून एक थांबा आधीच उतरले. रस्त्यावर उभी राहून तुझं सगळं ऐकलं. तू जे बोललास त्यातलं एकही वाक्य मी खोडत नाही. "तीन वर्षं मी स्वतःला नालायक समजत होतो, तू एकटी नव्हतीस," हे तू म्हणालास आणि फोन आपटलास. ते माझ्याजवळ राहील.

म्हणून काल पुन्हा फोन आला तेव्हा मला वाटलं, उरलेलं बोलायला केला असशील. तू एकदम विचारलंस, "दुरुस्ती कशी केलीस?" आधी मला संशय आला की हा माझी परीक्षा घेतोय. सवय जात नाही. पण तू खरंच विचारत होतास.

मी सांगितलं की क्रमांक देणं आणि जुना बाद करणं मी एकाच पायरीत आणलंय, आणि मध्ये शिरायला जागाच ठेवलेली नाही. नाव आणि नळी जुळली नाहीत तर प्रोग्राम निकाल अडवून लाल ओळ दाखवतो.

तू म्हणालास, "कशाला एवढा खटाटोप? एका वेळी एकच टेबल छापेल असं कर. दहा ओळींत काम."

पूर्वीची मी असते तर 'हो ना' म्हणून त्याच संध्याकाळी बदललं असतं. काल मी म्हटलं, "नाही चालणार." तू म्हणालास, "का?" आणि मी सांगत बसले. दुरुस्तीआधी मी काकूंच्या लॅबमध्ये दोन सकाळी उभी होते. सात वाजता ऐंशी माणसं उपाशीपोटी रांगेत असतात. एका वेळी एकच टेबल ठेवलं तर पंधरा मिनिटांत रांग जिन्यात जाते आणि काकू वैतागून पेनाने लेबलं लिहायला लागतात. पेनाने लिहिलं की आपला प्रोग्राम आंधळा. तू म्हणालास, शिस्त लावा त्यांना. मी म्हटलं, तू लाव काकूंना शिस्त, मी बघायला येते. चाळीस मिनिटं भांडलो. शेवटी तू म्हणालास, "तुला मोठं कळतंय," आणि पूर्वी हरायला लागलास की ठेवायचास तसा फोन ठेवलास.

मॅडमना तुझं नाव सांगितलंय. ही त्याची भरपाई नव्हे, आणि आत्ता जागा नाही असं त्या स्पष्ट म्हणाल्यात. यायचं की नाही ते तू ठरव. माझ्यामार्फत अर्ज पाठवू नकोस, थेट त्यांना पाठव.

तू म्हणालास म्हणून आज मी तुझी पद्धत खरोखर करून पाहिली. मौनीबाबाला शेजारी बसवलं, दोन्ही पद्धतींनी हजार वेळा लेबलं छापली. तुझ्याही पद्धतीत चूक येत नाही, पण ऐंशीची रांग संपायला माझ्यापेक्षा तिप्पट वेळ लागतो. आकडे सोबत जोडलेत, नीट बघ.

माझंच बरोबर आहे.

धाकटी